रानपिंगळा सापडला तो नोंदींमुळे

२५ नोव्हेंबर १९९७ रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा पुन्हा दिसला. आज नंदुरबारमध्ये असलेला शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १८८४ नंतर ११३ वर्षे या छोट्या घुबडाची एकही खात्रीची नोंद नव्हती. तो नामशेष झाला, असेच अनेकांनी धरले होते. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना तो दिसला तेव्हा नशिबाचे कौतुक झाले. पण खरे श्रेय जुन्या नोंदी पारखून घेण्याला आहे.

पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे वर्णन केले. त्याचे अगदी मोजके नमुने संग्रहालयांत होते आणि त्यांतले बरेचसे जेम्स डेव्हिडसन यांनी खान्देशात गोळा केले होते. शिवाय रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाल्याचे सांगितलेला एक नमुना होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो बारकाईने तपासला. तो डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरून पुन्हा भरलेला निघाला. खोटी चिठ्ठी गळून पडली आणि खरी ठिकाणे उरली. त्यांतल्या पूर्वेकडच्या ठिकाणी शोध निष्फळ ठरला. खान्देशात पक्षी भेटला.

यावर कोणी म्हणेल, पाड्यावरच्या माणसांना तो रोज दिसत असेल. असेलही. पण साध्या पिंगळ्याहून तो वेगळा ओळखायला डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, शेपटीवर रुंद पट्टे आहेत, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले आहेत, हे टिपावे लागते. तो दिवसाही वावरतो, हेही ठाऊक हवे. पाहिलेले लिहून ठेवले नाही, तर ते पुढच्या माणसाच्या उपयोगी पडत नाही. दुसरा आक्षेप असा, की जंगलच तुटत असताना नोंदींनी काय होणार? पण पक्षी कुठे राहतो हे माहीत नसेल, तर नेमके कोणते रान राखायचे हे ठरवणार कसे? पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट, तानसा इथेही तो आढळला, तो या ओळखीमुळेच.

म्हणून खान्देशातल्या पक्षिप्रेमींना विनंती आहे: तारीख, जागा, झाड आणि खुणा लिहा, शंका असेल तर तीही लिहा. फोटोच्या हव्यासाने घरट्याच्या ढोलीजवळ मात्र जाऊ नका.