सिंहात जीव कुणी घातला?

पैठण म्हटलं की पैठणी आठवते, नाथषष्ठी आठवते, जायकवाडीचं पाणी आठवतं. वेताळ मात्र कुणालाच आठवत नाही. पण या गोदाकाठचाच राजा रात्री मसणात जाऊन झाडावरचं प्रेत खांद्यावर घेत असे, असं अकराव्या शतकातल्या सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ सांगतो. राजा त्रिविक्रमसेन, राजधानी प्रतिष्ठान, म्हणजेच पैठण. पुढे उज्जैनचा विक्रम लोकांच्या तोंडी बसला आणि पैठणचा मान गेला.

त्या प्रेतातला वेताळ एक गोष्ट सांगतो. चार ब्राह्मण भाऊ विद्या शिकून येतात. रानात त्यांना एक हाड सापडतं. पहिला त्यावर मांस चढवतो, दुसरा कातडी नि केस, तिसरा अवयव पुरे करतो, चौथा जीव घालतो. सिंह उठतो आणि चौघांनाही खातो. (पंचतंत्रात एक शहाणा झाडावर चढून वाचतो; इथे तेवढीही दया नाही.) मग वेताळ विचारतो, पाप कुणाचं? राजा म्हणतो, चौथ्याचं. आधीच्या तिघांना काय घडतंय ते ठाऊक नव्हतं. याच्यापुढे अख्खा सिंह पडला होता, तरी विद्या मिरवायला याने त्यात जीव घातला.

मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० साली आली. त्याआधी बारा वर्षं, १ जानेवारी १८१८ रोजी, लंडनमध्ये एक पुस्तक निनावी निघालं होतं: ‘फ्रँकेन्स्टाइन’. लेखिका मेरी शेली, वय अवघं वीस.

तिचा व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हे चारही भाऊ एकटाच आहे. मेलेल्यांचे अवयव तोच गोळा करतो, तोच जोडतो, जीवही तोच घालतो. राजाचा निवाडा त्याला सहज लागू पडला असता. पण मेरीचा प्राणी सिंहासारखा मुका नाही. तो चोरून भाषा शिकतो, मिल्टन आणि प्लुटार्क वाचतो, आणि आपल्या कर्त्यासमोर उभा राहून जाब विचारतो. तो म्हणतो, घडवलंस ते घडवलंस, डोळे उघडताच मला टाकून पळालास का? वेताळाने विचारलं होतं ते जीव घालण्याच्या घटकेचं. हा विचारतो त्यापुढच्या दिवसांचं.

प्राणी निर्दोष नाही. व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा, विल्यमचा, तो गळा दाबतो आणि आळ जस्टिन नावाच्या मुलीवर येईल अशी व्यवस्था करतो. ती फासावर जाते. व्हिक्टरला खरा खुनी ठाऊक असतो, तरी तो तोंड उघडत नाही. आपल्याला वेडा ठरवतील, असं त्याला वाटतं. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, असा वेताळाचा नियम होता. त्या नियमाने व्हिक्टरचं डोकं त्या कोर्टातच फुटलं असतं.

लोकांनी मात्र निर्मात्याचं नाव निर्मितीलाच चिकटवून टाकलं. पुस्तकात प्राण्याला नावच नाही. ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा चौकोनी डोक्याचा राक्षस १९३१च्या सिनेमातला, बोरिस कार्लोफचा. त्याला धड बोलताही येत नाही. म्हणजे सिनेमाने त्याला पुन्हा सिंहच करून टाकलं.

पुस्तकाचा शेवट उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रातल्या एका जहाजावर होतो. मरताना व्हिक्टर मागच्या वागण्याचा हिशेब मांडतो आणि आपल्याला दोष देण्यासारखं काही सापडलं नाही, असं सांगून डोळे मिटतो. त्याच्या प्रेतापाशी येऊन रडतो तो प्राणीच. आता स्वतःची चिता रचीन, म्हणतो, आणि बर्फाच्या तुकड्यावर उडी टाकून अंधारात नाहीसा होतो. चिता पेटली की नाही, ते मेरीने लिहिलेलं नाही.