स्रोत संहितेपासून सॉफ्टवेअर बांधणी

स्रोत संहितेपासून सॉफ्टवेअर बांधणी म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेल्या, माणसाला वाचता येणाऱ्या मजकुरापासून संगणकाला थेट चालवता येईल असा प्रोग्रॅम तयार करण्याची प्रक्रिया होय. स्रोत संहितेस व्यवहारात सोर्स कोड, तर बांधणीस बिल्ड असे म्हटले जाते. तयार झालेल्या यंत्रभाषेतील फाइलला बायनरी म्हणतात. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही प्रक्रिया केवळ निर्मात्यापुरती मर्यादित राहत नाही. संहिता सर्वांना उपलब्ध असल्याने कोणताही वापरकर्ता ती उतरवून घेऊन स्वतःच्या संगणकावर बांधणी करू शकतो. बहुसंख्य लोक मात्र इतरांनी बांधलेली बायनरीच वापरतात. त्यामुळे प्रकाशित संहिता आणि प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम या दोहोंचा एकमेकांशी संबंध खरोखरच आहे का, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

बांधणीचे टप्पे

सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमची बांधणी साधारणतः चार टप्प्यांत होते. प्रथम पूर्वप्रक्रियेत संहितेतील समाविष्ट फाइली आणि मॅक्रो यांचा विस्तार केला जातो. त्यानंतर कंपायलर त्या मजकुराचे असेंब्ली भाषेत रूपांतर करतो. असेंब्लर त्यापासून यंत्रभाषेतील ऑब्जेक्ट फाइल बनवतो आणि शेवटी लिंकर अशा अनेक ऑब्जेक्ट फाइली व लायब्ररी एकत्र सांधून पूर्ण प्रोग्रॅम तयार करतो. नवख्या माणसाला येणाऱ्या अडचणींपैकी बऱ्याच पहिल्या किंवा शेवटच्या टप्प्यात उद्भवतात: शीर्षक फाइल सापडली नाही तर पूर्वप्रक्रिया थांबते, आणि एखाद्या फंक्शनची व्याख्या कोणत्याही लायब्ररीत आढळली नाही तर लिंकर तक्रार करतो. या दोन तक्रारींची कारणे भिन्न असतात, हे लक्षात आल्यास उपाय शोधण्याचे काम पुष्कळ सोपे होते.

पायथनसारख्या भाषांत यंत्रभाषेतील रूपांतर आधी करावे लागत नाही. तथापि त्यांतील अनेक लोकप्रिय लायब्ररींचे काही भाग सी किंवा रस्ट भाषेत लिहिलेले असतात आणि त्या भागांची बांधणी करावीच लागते.

मेक आणि नंतरची साधने

शेकडो फाइलींच्या प्रकल्पात एका फाइलमध्ये बदल केल्यावर नेमके काय पुन्हा बांधावे, हे माणसाने लक्षात ठेवणे अशक्यप्राय असते. बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी यासाठी १९७६ मध्ये 'मेक' हे साधन लिहिले. फेल्डमन यांच्या आठवणीनुसार, त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची एक संपूर्ण सकाळ दोष शोधण्यात वाया गेली होती. दोष वास्तविक दुरुस्त झालेला होता. फक्त दुरुस्त फाइल पुन्हा कंपाइल झालेली नव्हती. मेकची कल्पना यातून आली. कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे हे 'मेकफाइल' नावाच्या फाइलमध्ये नोंदवले जाते. मेक फाइलींच्या बदलाच्या वेळा तपासून, ज्यांचे मूळ त्यांच्यापेक्षा नवीन आहे तेवढ्याच फाइली पुन्हा बनवते.

मेकफाइलमधील आज्ञांची ओळ टॅब या चिन्हानेच सुरू व्हावी लागते. तेथे साध्या मोकळ्या जागा चालत नाहीत. ही गैरसोय फेल्डमन यांना लवकरच जाणवली होती, पण तोवर साधनाचे सुमारे डझनभर वापरकर्ते झाले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून नियम तसाच ठेवला गेला. त्या डझनभरांची सोय पुढे लक्षावधी प्रोग्रॅमरांची डोकेदुखी ठरली.

युनिक्सच्या निरनिराळ्या आवृत्तींत लायब्ररींची नावे, शीर्षक फाइलींच्या जागा आणि फंक्शनांचे वर्तन वेगवेगळे असे. त्यामुळे एका यंत्रावरील मेकफाइल दुसऱ्या यंत्रावर चालेलच याची खात्री नसे. १९९१ मध्ये विकसित झालेल्या ऑटोकॉन्फ या साधनाने 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट तयार करण्याची पद्धत रूढ केली. ही स्क्रिप्ट लहान-लहान चाचणी प्रोग्रॅम कंपाइल करून यंत्रावर काय उपलब्ध आहे हे अजमावते आणि त्यानुसार मेकफाइल बनवते. 'कॉन्फिगर', 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल' या तीन आज्ञांचा क्रम त्यामुळे अनेक प्रकल्पांत प्रमाण बनला. सीमेक, मेसन आणि निंजा ही त्यानंतरची साधने होत. रस्ट भाषेचे कार्गो व गो भाषेची स्वतःची व्यवस्था यांत बांधणीचे काम आणि लागणाऱ्या लायब्ररी आंतरजालावरून आणण्याचे काम एकाच साधनाकडे सोपवलेले असते.

अवलंबित्वे व पर्याय

एखादा प्रोग्रॅम ज्या इतर लायब्ररींवर विसंबून असतो त्यांना त्याची अवलंबित्वे म्हणतात. काही अवलंबित्वे अनिवार्य असतात; ती नसल्यास बांधणी थांबते आणि चूक तत्काळ ध्यानात येते. ऐच्छिक अवलंबित्वे अधिक फसवी असतात. ती न सापडल्यास कॉन्फिगर स्क्रिप्ट अनेकदा तेवढी एक सुविधा वगळून निमूटपणे पुढे जाते आणि बांधणी यशस्वी झाल्याचेच दिसते.

देवनागरी लिपीच्या वाचकांना याचा प्रत्यय प्रतिमांवर मजकूर लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये येतो. देवनागरीत अक्षरे टंकलेल्या क्रमाने एकापुढे एक मांडून भागत नाही. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येत असला तरी तो व्यंजनाच्या आधी दाखवावा लागतो, आणि जोडाक्षरांचे आकार फॉन्टमधून शोधून काढावे लागतात. इमेजमॅजिक या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये हे काम राक्म ही लायब्ररी हार्फबझच्या साहाय्याने करते. राक्म न जोडता बांधलेल्या इमेजमॅजिकमध्ये मजकूर केवळ डावीकडून उजवीकडे मांडला जातो. 'किल्ला' हा शब्द लिहिल्यास इकार 'क'च्या पुढे, जणू तो 'ल'चाच असावा असा पडतो आणि 'ल्ल' हे जोडाक्षर न होता हलन्त उघडा राहतो. पायथनमधील पिलो या लायब्ररीचे वर्तनही राक्मच्या अभावी याच प्रकारचे असते. दोष फॉन्टचा किंवा युनिकोडचा असावा असा समज अशा वेळी सहज होतो. प्रत्यक्षात तो बांधणीच्या वेळी घेतलेल्या, बहुधा कोणी जाणीवपूर्वक न घेतलेल्या, निर्णयाचा परिणाम असतो.

भाषांतरांचेही असेच असते. ग्नू गेटटेक्स्ट वापरणाऱ्या प्रकल्पांत मराठी भाषांतर पीओ प्रकारच्या साध्या मजकूर फाइलमध्ये असते आणि बांधणीच्या वेळी तिचे एमओ या द्विमान स्वरूपात रूपांतर होते. कोणत्या भाषा समाविष्ट कराव्यात हे बांधणाऱ्याला ठरवता येते. संहितेत मराठी भाषांतर पूर्ण असूनही तयार पॅकेजमध्ये ते नसणे त्यामुळे शक्य असते.

अवलंबित्वांची साखळी लांब झाली की तिची प्रत्येक कडी बांधणीचा भाग बनते. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम या भांडारातून 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले, तेव्हा त्याच्यावर अप्रत्यक्षपणे विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांच्या बांधण्या एकाएकी अपयशी ठरू लागल्या. त्यांपैकी अनेकांना आपण असे काही पॅकेज वापरतो याची कल्पनाही नव्हती.

परवान्यांतील स्थान

संहिता देणे आणि बांधता येईल अशी संहिता देणे या निराळ्या गोष्टी आहेत. ग्नू जनरल पब्लिक लायसन्सच्या १९९१ मधील दुसऱ्या आवृत्तीने पूर्ण स्रोत संहितेच्या व्याख्येत कंपाइल करण्याच्या व स्थापनेच्या स्क्रिप्टही समाविष्ट केल्या. तरीही एक पळवाट राहिली. टिवो या दूरचित्रवाणी मुद्रक उपकरणात लिनक्स वापरले होते आणि त्याची संहिताही उपलब्ध होती, परंतु निर्मात्याची स्वाक्षरी नसलेली बायनरी ते उपकरण चालवत नसे. अर्थात संहिता वाचता येई, बदलता येई, बांधताही येई. मात्र बांधलेले सॉफ्टवेअर त्याच उपकरणावर वापरता येत नसे. २००७ मधील तिसऱ्या आवृत्तीत ग्राहकोपयोगी उपकरणांसाठी स्थापनेची आवश्यक माहितीही देण्याची अट घालण्यात आली. लिनक्सचे कर्नल मात्र दुसऱ्याच आवृत्तीखाली राहिले.

विश्वासाचा प्रश्न

संहिता स्वतः वाचून स्वतः बांधली म्हणजे प्रोग्रॅम सुरक्षित, ही समजूत केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या आणि १९८४ मध्ये प्रकाशित झालेल्या भाषणात मोडीत काढली. त्यांनी मांडलेली युक्ती अशी: कंपायलरमध्ये असा बदल करावा की युनिक्सचा लॉगिन प्रोग्रॅम कंपाइल होत असल्याचे ओळखून तो त्यात गुप्त प्रवेशमार्ग घालेल. हा बदल कंपायलरच्या संहितेत कोणालाही दिसेल. म्हणून दुसरा बदल करावा, ज्यामुळे कंपायलर स्वतःची संहिता कंपाइल होत असल्याचे ओळखून नव्या कंपायलरमध्ये हे दोन्ही बदल आपोआप उतरवेल. मग संहितेतून दोन्ही बदल पुसून टाकावेत. यानंतर संहिता निष्कलंक असते, तरीही तिच्यापासून बांधलेला प्रत्येक कंपायलर दूषित निघतो. अशा शक्यतेचा उल्लेख १९७४ मध्ये मल्टिक्स प्रणालीच्या सुरक्षा परीक्षणातही झाला होता.

बांधणीची प्रक्रियाच हल्ल्याचे साधन कशी बनू शकते याचे ठळक उदाहरण २०२४ मध्ये समोर आले. एक्सझेड युटिल्स हा विदा आकुंचित करणारा मुक्त स्रोत प्रकल्प बहुतेक लिनक्स वितरणांत असतो. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने सुमारे दोन वर्षे उपयुक्त योगदान देऊन त्या प्रकल्पात देखभालकर्त्याचे स्थान मिळवले होते. प्रकल्पाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्तींत गुप्त प्रवेशमार्ग दडवण्यात आला, परंतु तो सी भाषेतील संहितेत नव्हता. घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडलेल्या वाटणाऱ्या संकुचित फाइलींत लपवलेला होता. त्यास बाहेर काढून बांधणीत मिसळणारा मॅक्रो गिट भांडारात नव्हता. तो केवळ प्रकाशनासाठी बनवलेल्या संहितेच्या गठ्ठ्यात होता. कॉन्फिगर चालू असताना तो मॅक्रो यंत्र ६४-बिट लिनक्सचे आहे का आणि डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचे पॅकेज बांधले जात आहे का, हे तपासत असे. कुतूहलापोटी घरी बांधणाऱ्याला काहीच न दिसता वितरणांच्या बांधणी यंत्रांनाच लक्ष्य करण्याची ही योजना होती. काही वितरणांत दूरस्थ लॉगिनची सेवा अप्रत्यक्षपणे याच प्रकल्पाच्या लायब्ररीवर अवलंबून असल्याने परिणाम अतिशय गंभीर झाला असता.

पोस्टग्रेएसक्यूएलचे विकसक आंद्रेस फ्रॉइंड यांना कामगिरीची मोजमापे घेताना लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. त्याचा माग काढून त्यांनी २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघड केला. तोवर दूषित आवृत्ती प्रामुख्याने डेबियन, फेडोरा इत्यादींच्या चाचणी शाखांपर्यंतच पोहोचल्या होत्या. त्यानंतर वितरणांनी प्रकाशनाच्या गठ्ठ्याऐवजी थेट गिट भांडारातील संहितेपासून बांधणी करावी, या मताला बळ मिळाले.

पुनरुत्पादनक्षम बांधणी

एकाच संहितेपासून दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे केलेल्या बांधणीत बिट-न्-बिट सारखीच बायनरी निघावी, या उद्दिष्टास पुनरुत्पादनक्षम बांधणी म्हणतात. हे आपोआप घडत नाही. बांधणीची वेळ, फाइली वाचण्याचा क्रम, निर्देशिकेचा मार्ग, यंत्राची भाषाविषयक मांडणी असे तपशील नकळत बायनरीत उतरतात. बिटकॉइन व टॉर ब्राउझर या प्रकल्पांनी या दिशेने आरंभी काम केले. डेबियनमध्ये २०१३ पासून त्यास सुरुवात झाली. वेळेच्या अडचणीवर तोडगा म्हणून बांधणीच्या क्षणाऐवजी संहितेतील शेवटच्या बदलाची वेळ सर्व साधनांना पुरवण्याचा संकेत ठरवण्यात आला. अँड्रॉइडवरील मुक्त स्रोत ॲपचे एफ-ड्रॉइड हे भांडार ॲपची बांधणी स्वतः करते, आणि निघालेली फाइल विकसकाच्या फाइलशी जुळल्यास विकसकाच्याच स्वाक्षरीने ती वितरित करू शकते.

तथापि सर्वांचा कंपायलर एकच आणि तोही दूषित असेल तर सर्वांच्या बायनरी जुळतील आणि सर्वच दूषित असतील. डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये मांडलेली पद्धत याला उत्तर देते. शंकास्पद कंपायलरची संहिता प्रथम दुसऱ्या, स्वतंत्रपणे लिहिलेल्या कंपायलरने बांधायची आणि निघालेल्या कंपायलरने तीच संहिता पुन्हा बांधायची. अंतिम बायनरी शंकास्पद कंपायलरच्या बायनरीशी तंतोतंत जुळली, तर त्याच्या संहितेत नसलेले काही त्याच्यात दडलेले नाही असे मानता येते. मात्र दुसरा कंपायलर तशाच प्रकारे दूषित नसावा, ही अट उरते. दुसरा मार्ग मुळापर्यंत जाण्याचा आहे. ग्नू गिक्स या वितरणाने २०२३ मध्ये अशी व्यवस्था पूर्ण केली की त्याच्या पॅकेजांची साखळी ३५७ बाइटच्या एका बायनरी बीजापासून सुरू होते. त्यापासून क्रमाने मोठी होत जाणारी साधने आणि अखेरीस जीसीसी हा कंपायलर संहितेपासून बांधला जातो. बांधणी करणारे यंत्र व त्यावरील लिनक्स कर्नल यांवर मात्र तेथेही विश्वास ठेवावा लागतो.