बारोन्स यांचं कपाट

लाटव्हियाला दोन दिवसांसाठी जाणाऱ्याची वाट ठरलेली असते. जुन्या रीगाच्या दगडी गल्ल्या, आल्बेर्टा रस्त्यावरच्या चेहरे कोरलेल्या इमारती, पहिल्या महायुद्धातल्या झेपेलिन हवाईजहाजांच्या शेडचे सांगाडे आणून १९३० मध्ये उभारलेला मध्यवर्ती बाजार, तिथल्या धुरावलेल्या माशांचे फोटो आणि रविवारी रात्रीचं परतीचं विमान. हे सगळं पाहण्यासारखंच आहे. आल्बेर्टा रस्त्यावरची बरीचशी घरं ज्यांनी बांधली ते मिखाईल आयझेनस्टाईन म्हणजे चित्रपट दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाईन यांचे वडील, हेही मार्गदर्शक न चुकता सांगतो. या सगळ्याची माहिती कुठेही मिळते, म्हणून इथे त्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

पण रीगात घरचं माणूस असेल, तर दोन दिवसांचा रोख बदलतो. तिथे कुणाच्या घरी जाताना फुलं न्यायची ती विषम संख्येत, कारण सम संख्येतली फुलं अंत्यसंस्काराला नेतात. दारात चपला काढायच्या, हे मराठी पाहुण्याला सांगावं लागत नाही. टेबलावर राईचा काळा पाव असतो, उन्हाळा असेल तर बीटाचं थंडगार गुलाबी सूप असतं आणि जूनअखेरीचे दिवस असतील तर कॅरवेचे दाणे घातलेलं पिवळं गोल चीज. हे दाणे आपल्या जिऱ्याच्याच कुळातले. २३ जूनच्या रात्री सगळा देश शहरं रिकामी करून गावाकडे निघतो. पुरुषांच्या डोक्यावर ओकच्या पानांचे मुकुट, बायकांच्या डोक्यावर रानफुलांचे, आणि उजाडेपर्यंत शेकोटीभोवती गाणी. हा लीगोचा सण. यजमानाला या गाण्यांबद्दल विचारलं, की तो पाहुण्याला दुसऱ्या दिवशी दाउगावा नदीपलीकडे राष्ट्रीय ग्रंथालयात घेऊन जाण्याची शक्यता फार मोठी. तिथे एक लाकडी कपाट आहे.

प्रस्तुत लेखकाला या कपाटाचं वेड लागलं ते जात्यावरच्या ओव्यांमुळे. युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत राजांची दफ्तरं आहेत, धर्मग्रंथांच्या पोथ्या आहेत, आणि २००१ पासून हे एक कपाटही आहे. माणसाच्या उंचीचं, सत्तरच्या वर खणांचं, खणांत लहान लहान कप्पे. कप्प्यांत उभ्या लावलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या, साधारण ३ सेंटिमीटर रुंद आणि ११ सेंटिमीटर लांब. एका चिठ्ठीवर एक गाणं. चिठ्ठ्यांची संख्या २,६८,८१५. ही गाणी म्हणजे दाइना. बहुतेक चार ओळींच्या, यमकाची फारशी फिकीर न करणाऱ्या. जन्म, पाळणा, गुरं राखणं, लग्न, सासर, म्हातारपण, मरण, सगळं त्या चार ओळींत. त्यांतला सूर्य बाई आहे आणि अनाथ मुलीची ती आई आहे. हातजात्यावर दळणाऱ्या मुलींची गाणीही त्यांत पुष्कळ आहेत. पहाटेच्या अंधारात जात्याचा खुंटा धरणाऱ्या बाईला गाणं सुचतं, हे लाटव्हियातही खरं होतं आणि मावळातही.

हे कपाट बनवून घेणारे क्रिश्यानिस बारोन्स यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८३५ चा, कुर्लंड प्रांतातल्या स्ट्रुटेले इथला. वडील जमीनदाराच्या इस्टेटीवर कारभारी होते. जमीनदार अर्थात जर्मन. त्या काळात लाटव्हियन माणूस म्हणजे शेतमजूर, मोलकरीण, गाडीवान. राज्य रशियाच्या झारचं, जमीन आणि चर्च जर्मनांचं. कुर्लंडातली वेठबिगारी १८१७ मध्ये कायद्याने संपली, पण जमीन कुळांच्या हाती आली नाही. बारोन्स तार्तूच्या विद्यापीठात गणित आणि खगोलशास्त्र शिकले. शिकलेला लाटव्हियन माणूस जर्मन होऊन जातो, अशी तेव्हाची रीत. बारोन्स आणि त्यांच्या मित्रांनी ती मोडली. क्रिश्यानिस वाल्देमार्स यांच्या पुढाकाराने १८६२ मध्ये सेंट पीटर्सबर्गमधून ‘पेटेर्बुर्गास आवीझेस’ हे लाटव्हियन भाषेतलं वृत्तपत्र निघालं. रीगात जमीनदारांची पकड होती, राजधानीत श्वास घ्यायला थोडी जागा होती. बारोन्स संपादनात होते. १८६५ मध्ये पत्र बंद पडलं.

पुढची पंचवीसेक वर्षं बारोन्स रशियातच राहिले. स्टान्केविच नावाच्या जमीनदार कुटुंबात घरशिक्षक म्हणून. वर्षाचा काही भाग मॉस्कोत, काही व्होरोनेझ प्रांतातल्या इस्टेटीवर. ज्या देशाचं गाणं त्यांनी जपलं, त्या देशापासून ते या सगळ्या काळात दूर होते. चरित्रातला हा भाग घाईने उरकून टाकण्याची पद्धत आहे. वास्तविक कामाचा मोठा भाग इथेच झाला. दिवसा दुसऱ्याच्या मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात गाणी उतरवून काढायची.

गाणी गोळा करण्याची सुरुवात त्यांची नव्हे. रीगाच्या कॅथेड्रल शाळेत १७६४ ते १७६९ शिकवणाऱ्या जर्मन विचारवंत हेर्डरने आपल्या लोकगीतांच्या संग्रहात लाटव्हियन गाणी घेतली होती. बारोन्स यांचे स्नेही फ्रिट्सिस ब्रीव्झेमनिएक्स यांनी १८७३ मध्ये मॉस्कोत एक संग्रह काढला. त्यांच्याकडे येणाऱ्या गाण्यांचा ढीग त्यांना आवरेना, तेव्हा १८७८ मध्ये त्यांनी तो बारोन्स यांच्या हवाली केला. वर्तमानपत्रांतून आवाहनं गेली आणि गावोगावचे शिक्षक, विद्यार्थी, शेतकरी पाकिटं पाठवू लागले. एकच गाणं दहा गावांतून यायचं. शब्द थोडे इकडचे तिकडे, एका गावात मुलगी रडते तर दुसऱ्या गावात गाते. खोक्यांत हे मावेना आणि सापडेना. म्हणून १८८० मध्ये बारोन्स यांनी मॉस्कोतल्या सुताराकडून आपल्या आराखड्याबरहुकूम कपाट करून घेतलं.

कपाटाचं मोल त्याच्या मांडणीत आहे. आलेल्या प्रत्येक गाण्याची चिठ्ठी करायची. सारखी गाणी एकत्र आणायची. त्यांतलं एक मूळ धरायचं आणि बाकीची त्याची रूपं म्हणून मागे लावायची. मग हे पुंजके माणसाच्या आयुष्याच्या क्रमाने लावायचे. देवादिकांच्या क्रमाने नाही, प्रांतांच्या नाही, अकारविल्हेही नाही. गाणारीच्या आयुष्यात जे ज्या वेळी येतं, ते त्या जागी. छापून झालं तेव्हा मूळ गाणी ३५,७८९ भरली आणि त्यांची रूपं १,८२,२०७. एकूण २,१७,९९६. संगणक नव्हता, हाताखाली माणसं नव्हती. गणित शिकलेल्या माणसाचं मन यात दिसतं, पण नुसत्या गणिताने हे होत नाही. विरजणाच्या गाण्याची जागा सासरच्या दुःखाशेजारी की आईच्या आठवणीशेजारी, हे ठरवायला गाणारीच्या घरात मनाने राहावं लागतं.

छपाईचा खर्च सेंट पीटर्सबर्गमधले व्यापारी हेन्रीस विसेन्डॉर्फ्स यांनी उचलला. पहिला खंड १८९४ मध्ये येल्गावातून बाहेर येऊ लागला. पुढचे खंड १९०३ पासून रशियाच्या शाही विज्ञान अकादमीने छापले, आणि त्यासाठीची खटपटही विसेन्डॉर्फ्स यांनी केली. मुखपृष्ठावर दोघांची नावं आली. ‘लात्व्यू दाइनास’ हे ग्रंथनामही विसेन्डॉर्फ्स यांच्या आग्रहाचं. यावरून लाटव्हियन अभ्यासकांत नाराजी राहिली, आणि ती समजण्यासारखी आहे. चिठ्ठ्या लावणारा एक आणि संपादकाचा मान दोघांना. तरीही विसेन्डॉर्फ्स यांना खलनायक ठरवणं अन्यायाचं होईल. पैसा आणि अकादमीचा छापखाना मिळाला नसता तर हे काम कपाटातच राहिलं असतं, आणि कपाटात राहिलेल्या कामाचं काय होतं ते महाराष्ट्रातल्या संशोधकांना वेगळं सांगायला नको.

बारोन्स यांच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी शेवटच्या खंडात लागली. शेतकऱ्यांच्या लग्नात वऱ्हाडी बायका एकमेकींना उद्देशून जी उघडीवाघडी गाणी म्हणत, तीही चिठ्ठ्यांवर आली होती. देशाची अब्रू जगापुढे मांडायला निघालेला माणूस अशी गाणी चुलीत घालतो. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक संग्राहकांनी तेच केलं. बारोन्स यांनी ती सहाव्या खंडात, स्वतंत्र क्रमाने, शेवटच्या क्रमांकापर्यंत छापली. तो खंड १९१५ मध्ये निघाला, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते, पहिलं महायुद्ध चालू होतं आणि जर्मन सैन्य कुर्लंडात शिरलं होतं. सहा खंड, आठ पुस्तकं. तीन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १९१८ ला, लाटव्हिया स्वतंत्र झाला. ८ मार्च १९२३ ला बारोन्स रीगात गेले. ज्या रस्त्यावर ते अखेरीस राहत होते, त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. १९९० च्या दशकात देशाने स्वतःच्या नोटा छापल्या, तेव्हा एकाच खऱ्या माणसाचा चेहरा त्यांवर आला. १०० लाट्सच्या नोटेवर, पांढऱ्याशुभ्र दाढीचे बारोन्स.

त्यांच्या मागे काम थांबलं नाही, याचं श्रेय आन्ना बेर्झकाल्ने या बाईंना द्यायला हवं, आणि ते फारसं दिलं जात नाही. या शिक्षिकेने १९२४ मध्ये लाटव्हियन लोकसाहित्य अभिलेखागाराची स्थापना केली. फिनलंडमध्ये कार्ले क्रोन यांच्या हाताखाली लोकसाहित्याचं शास्त्र शिकून आलेल्या बाईंनी शाळाशाळांतल्या मुलांना आपल्या आजीकडून गाणी लिहून आणायला लावलं. आज या गाण्यांच्या नोंदी दहा लाखांच्या वर गेल्या आहेत, त्यांत त्या मुलांच्या वह्यांचा वाटा मोठा आहे.

सोव्हिएत काळात लीगोच्या जाहीर साजरीकरणावर १९५९ पासून काही वर्षं बंदी आली. लोकगीतं मात्र पुसता येईनात. जुलै १९८८ मध्ये ‘बाल्टिका’ लोकमहोत्सवाच्या मिरवणुकीत गाणारे लोक रीगाच्या रस्त्यांवरून स्वतंत्र लाटव्हियाचा गर्द लाल-पांढरा झेंडा घेऊन चालले. २३ ऑगस्ट १९८९ ला ताल्लिन, रीगा आणि विल्नियस जोडणारी सुमारे वीस लाख माणसांची साखळी उभी राहिली. हा भाग वाचकांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते असं, की त्याच सुमारास माँट्रियालमध्ये एक निर्वासित लाटव्हियन दांपत्य सूर्याविषयीच्या दाइना संगणकावर चढवून त्यांचा अभ्यास करत होतं. १९८८ मध्ये त्यांचा ‘साउलेस दाइनास’ हा ग्रंथ निघाला. बाई मानसशास्त्राच्या प्राध्यापक, वाइरा वीके-फ्रेइबेर्गा. १९९९ मध्ये त्या लाटव्हियाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि २००७ पर्यंत राहिल्या. लोकगीतांची अभ्यासक राष्ट्रप्रमुख होते, असा दुसरा देश शोधून काढणं कठीण आहे.

ग्रंथालयाची आजची काचेची उंच इमारत वास्तुविशारद गुनार बिर्केर्ट्स यांची. जुनं ग्रंथालय नदीअलीकडे, बारोन्स यांच्याच नावाच्या रस्त्यावर होतं. १८ जानेवारी २०१४ ला, कडाक्याच्या थंडीत, सुमारे १४,००० माणसं जुन्या इमारतीपासून पूल ओलांडून नव्या इमारतीपर्यंत रांगेने उभी राहिली आणि हातोहात पुस्तकं पुढे देत गेली. रीगातला यजमान स्वतः त्या रांगेत असण्याची शक्यता बरीच असते. असेल तर त्याला बोलतं करावं.

रविवार सिगुल्दासाठी राखावा. रीगाहून आगगाडीने तासाभराच्या आसपास. गाउया नदीच्या खोऱ्यापलीकडे तुराइदाचा लाल विटांचा किल्ला आहे. बहुतेक प्रवासी किल्ला चढून परत फिरतात. त्यांनी चर्चजवळच्या टेकडीकडे वळावं. १९८५ मध्ये, बारोन्स यांच्या जन्माला दीडशे वर्षं होताना, इंदुलिस रांका या शिल्पकाराने ग्रॅनाइटमध्ये केलेली दाइनांची शिल्पं तिथे गवतात मांडली गेली. सोव्हिएत राजवट असतानाच ही टेकडी लोकांची गाण्याची जागा झाली.

मराठी वाचकाला यात आपलं काही आहे का? आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या जमवल्या. पुढे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, विषयवार लावल्या, हजारो ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर त्या आज ऐकता येतात. एका बाबतीत हे काम बारोन्स यांच्याही पुढे गेलं आहे. ‘लात्व्यू दाइनास’मध्ये गाण्याखाली आकडा असतो, त्यावरून ते कुठून आलं आणि कुणी पाठवलं ते कळतं. गाणारी बाई बहुधा कळत नाही. पुण्याच्या संग्रहात ओवीबरोबर बाईचं नाव आहे, तिचं गाव आहे, अनेकदा तिचा आवाजही आहे.

उणीव आहे ती मानाच्या जागेची. लाटव्हियाची लोकसंख्या वीस लाखांच्याही आत आहे, तरी तिथली शाळकरी मुलं ते कपाट पाहायला रांगेने जातात. महाराष्ट्रात मुलांना नेऊन दाखवावी अशी ओवीची एकही सार्वजनिक जागा नाही. ती व्हायला हवी, आणि तोवर ज्यांच्या घरी जात्यावर गायलेली आजी अजून हयात आहे त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत तिच्या ओव्या, तिच्या नावागावासह, ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात.