इंग्रजी शब्द अडला? आधी मागचं-पुढचं बोलणं ऐका, मग अर्थ लावा

दवाखाना असो, बँक असो की कस्टमर केअरचा फोन, समोरचा माणूस मध्येच इंग्रजीत बोलतो. एखादा शब्द अडतो. मोबाईलवर शोधलं तर चार अर्थ दिसतात. त्यातला कोणता घ्यायचा, हे शब्दकोश सांगत नाही. ते बोलण्याच्या ओघातूनच कळतं.

मराठीत हे आपण रोज करतो. 'मांडवात वर आला' आणि 'विहिरीचं पाणी वर आलं', दोन्हीकडे शब्द 'वर'च. तरी आपला गोंधळ होत नाही, कारण शेजारी मांडव आहे की पाणी, ते आपण ऐकतो. इंग्रजीतही तसंच करायचं.

दवाखान्यात

डॉक्टर म्हणतात, "रिपोर्ट इज निगेटिव्ह. नथिंग टु वरी." निगेटिव्ह म्हणजे वाईट, असं समजून घरचे घाबरतात. पण पुढचं वाक्य बघा, 'काळजीचं कारण नाही.' म्हणजे तपासणीत तो आजार आढळला नाही. तोच शब्द 'ब्लड ग्रुप बी निगेटिव्ह' असा आला, तर तो फक्त रक्तगटाचा प्रकार. त्यात आजाराचा संबंध नाही.

डिस्चार्जचंही तसंच. "डिस्चार्ज टुमारो" म्हणजे उद्या घरी सोडणार. पण "एनी डिस्चार्ज फ्रॉम द वूंड?" असं विचारलं, तर जखमेतून पू किंवा पाणी येतं का, हा प्रश्न आहे. 'वूंड' म्हणजे जखम, एवढं कळलं की पुढचं आपोआप सुटतं.

बँकेत

शाळेत मॅडम म्हणाल्या, "युवर डॉटर इज आउटस्टँडिंग", तर ते कौतुक. बँकेतून फोन आला, "युवर आउटस्टँडिंग अमाउंट इज फिफ्टी थाउजंड, प्लीज पे", तर ती थकबाकी. 'अमाउंट' आणि 'पे' हे शेजारचे शब्द अर्थ उघड करतात.

आता जरा अवघड. पन्नास हजार बाकी असताना वसुलीवाला म्हणतो, "पे थर्टी थाउजंड, वी विल सेटल द लोन." सेटल म्हणजे मिटलं, असं वाटतं. पण पन्नासच्या जागी तीस, हीच खूण आहे. कर्ज पूर्ण फिटलेलं नाही, तडजोड झाली आहे. सिबिलच्या अहवालात 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' अशी नोंद होते आणि पुढचं कर्ज मिळणं अवघड जाऊ शकतं. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा, "क्लोज्ड दाखवणार की सेटल्ड?" उत्तर लेखी घ्या.

शब्द आणि काम जुळत नसेल तर

"टु रिसीव्ह मनी, एंटर युवर यूपीआय पिन." रिसीव्ह म्हणजे मिळणं. पण पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. बोलण्यात 'रिसीव्ह' आणि स्क्रीनवर 'पे' असेल, तर ही फसवणूक समजा आणि फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळवा.

या खुणा लक्षात ठेवा

• कोण, कुठे आणि कशाबद्दल बोलतंय, ते आधी बघा.
• अडलेल्या शब्दाच्या शेजारचे ओळखीचे शब्द आणि आकडे पकडा.
• 'बट' आलं की पुढे उलट गोष्ट येते. 'बिकॉज' आलं की कारण येतं. 'आय मीन' आलं की माणूस तेच सोप्या शब्दांत सांगतो.
• लावलेला अर्थ वाक्यात घालून बघा. बसत नसेल तर सोडून द्या.

एक मात्र पक्कं. औषधाचा डोस, सही आणि पिन या तीन ठिकाणी अंदाज चालत नाही. तिथे सरळ म्हणा, "मराठीत सांगा." यात लाजायचं काही नाही. औषध आपल्या पोटात जाणार आहे आणि पैसे आपल्या खात्यातून.