जत्रेतला खाजा घरी करताना : कढईतलं विज्ञान



कोकणात कार्तिक महिना लागला की गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात. रात्री दशावताराचं नाटक, बाहेर दुकानांची रांग आणि त्या रांगेत खाज्याचे ढीग. पुढे महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा असते, आंगणेवाडीच्या भराडी देवीची असते. मुंबईचे चाकरमानी जत्रेला येतात आणि परत जाताना पिशवीत खाजा नेतात. शेजाऱ्यांना वाटला नाही, तर जत्रेला गेल्यासारखं वाटतच नाही!

आता खाजा म्हणजे नेमका कोणता, ते आधी स्पष्ट करू. बिहारमधल्या सिलावचा खाजा प्रसिद्ध आहे, पण तो मैद्याच्या पातळ पदरांचा असतो. आपला सिंधुदुर्गातला आणि गोव्यातला खाजा वेगळा. बेसनाच्या कांड्या तळायच्या आणि त्यांवर आलं घातलेल्या गुळाचं कवच चढवायचं. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

पदार्थ दिसायला अगदी साधा. मलाही तसंच वाटलं होतं. एका वर्षी शाळेच्या खाऊच्या दिवसासाठी मी घरून खाजा करून नेला. डबा उघडला तर आत एकच मोठा चिकट गोळा! मुलं हसली, मीही हसले. वर्गात एक मुलगी होती. तिच्या घरचं खाज्याचं दुकान जत्रेत लागायचं. त्या दिवसांत ती शाळेत कमी यायची, आणि हजेरी घेताना मी तिला दोनदा बोललेही होते. मधल्या सुट्टीत ती जवळ आली, एक तुकडा मोडून बघितला आणि हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही पाक लवकर उतरवलात. आणि नंतर घोटला नाहीत ना?"

तिचं दोन्ही खरं होतं. तिच्या त्या दोन वाक्यांत जे विज्ञान होतं, तेच आज समजून घेऊ.

साहित्य

कांड्यांसाठी : बेसन 200 ग्रॅम, तांदळाचं पीठ 1 मोठा चमचा, कडकडीत गरम तेलाचं मोहन 1 मोठा चमचा, चिमूटभर मीठ व हळद, लागेल तसं पाणी. तळण्यासाठी तेल.

कवचासाठी : चिरलेला गूळ 200 ग्रॅम, पाणी पाव वाटी, आल्याचा रस 2 छोटे चमचे, भाजलेले तीळ 1 मोठा चमचा.

कृती आणि कारणं

1) पीठ घट्ट भिजवा. पिठात मोहन, मीठ, हळद घालून थोडं थोडं पाणी घालत घट्ट गोळा करा. गव्हाच्या कणकेला मळल्यावर ताण येतो, कारण तिच्यात ग्लुटेन तयार होतं. हरभऱ्यात ग्लुटेन नसतं. म्हणून बेसनाची पोळी लाटताना तुटते, पण तळल्यावर कांडी चिवट न होता खुसखुशीत होते. गोळा हाताने चांगला दाबून घ्या. आत हवेची पोकळी राहू देऊ नका. का, ते पुढच्या पायरीत कळेल.

2) कांड्या करा. सोऱ्याला जाड शेवेची चकती लावून कांड्या पाडा. सोऱ्या नसेल तर पोळपाटावर हाताने वळा. जाडी करंगळीपेक्षा कमी, लांबी बोटभर.

3) मध्यम आचेवर तळा. पिठाचा छोटा तुकडा तेलात टाका. तो थोडा खाली जाऊन बुडबुडे सोडत वर आला, की तेल तयार. कांड्या थोड्या थोड्या सोडा. हे बुडबुडे म्हणजे पिठातल्या पाण्याची वाफ. पाण्याची वाफ झाली की तिला साधारण 1600 पट जागा लागते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर कांडी फुटते आणि तेल उडतं. म्हणूनच पोकळी नको. आच फार मोठी असेल तर बाहेरून रंग चढतो आणि आत पीठ ओलं राहतं. बुडबुडे जवळजवळ थांबले म्हणजे पाणी गेलं, कांडी तयार. काढून पूर्ण गार होऊ द्या.

4) पाक करा. माझी पहिली चूक इथे झाली. जाड बुडाच्या कढईत गूळ आणि पाणी घालून उकळा. कचरा असेल तर गूळ विरघळल्यावर गाळून घ्या. उकळताना पाणी उडून जातं, पाक दाट होतो आणि त्याचा उत्कलनबिंदू वाढत जातो. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं, पण आपल्याला हवा असलेला पाक 120 अंशांच्या आसपास जातो. घरात तापमापी नको. वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब टाका. विरघळला तर पाक कच्चा. मऊ गोळी झाली तर अजून थोडा वेळ. बोटाने दाबल्यावर सहज न चेपणारी गोळी झाली की गॅस बंद करा आणि आल्याचा रस व तीळ घाला. रस घालताना पाक फसफसतो, तेव्हा तोंड मागे ठेवा.

मी मऊ गोळीलाच पाक उतरवला होता. त्यात पाणी जास्त राहिलं, म्हणून खाजा चिकटला.

5) घोटा, घोटा आणि घोटा. ही दुसरी चूक. कांड्या पाकात टाकून लाकडी उलथण्याने सतत खालीवर करा. सुरुवातीला सगळं चमकदार आणि ओलं दिसेल. घाबरू नका. थोड्या वेळाने चमक जाईल, गुळाचा रंग फिकट होईल आणि कांड्या एकमेकींपासून सुटू लागतील.

हे कशामुळे होतं? गरम पाकात भरपूर साखर विरघळलेली असते. गार होताना तेवढी साखर त्या थोड्याशा पाण्यात मावत नाही. याला अतिसंपृक्त द्रावण म्हणतात. ते ढवळलं की साखरेचे बारीक बारीक स्फटिक सुटतात आणि कांडीवर कोरडा थर बसतो. चिक्कीचा पाक याहून पुढे नेतात आणि घोटत बसत नाहीत, म्हणून चिक्की काचेसारखी कडक होते. गूळ तोच, पण पाकाचा टप्पा आणि हाताचं काम बदललं की पदार्थ बदलतो.

गूळ निवडताना कोरडा, खडखडीत घ्या. ओलसर चिकट गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जास्त असतात, ते साखरेचे स्फटिक होऊ देत नाहीत. याच कारणाने पाकात लिंबू पिळू नका. गूळ हवेतली ओल ओढून घेतो, म्हणून खाजा गार झाल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

काळजी : हे न वाचता गॅस पेटवू नका

मुलांनो, तळण आणि पाक ही कामं मोठ्या माणसांनीच करायची. तुम्ही पीठ भिजवा, कांड्या वळा आणि निरीक्षण नोंदवा.

- गरम तेलाजवळ ओला झारा, ओले हात नकोत.
- तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही ओतू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल चौफेर उडतं. जमलं तर गॅस बंद करा आणि कढईवर मोठं झाकण किंवा ताट ठेवा. कढई उचलून नेऊ नका.
- पाकाचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट असतो. पाक जास्त गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो. लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं हात धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. फोड मोठा असेल तर डॉक्टरांकडे जा.
- तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. काळं, दाट, वास येणारं तेल टाकून द्या.

आणि एक गोष्ट. गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच. घरात कुणाला मधुमेह असेल तर "गुळाचा आहे, चालतो" असं म्हणून वाटी पुढे करू नका.

त्या मुलीने पुढच्या आठवड्यात फळ्याजवळ उभं राहून सगळ्या वर्गाला पाकाचे टप्पे सांगितले. मी मागच्या बाकावर बसून वहीत लिहून घेतले. 'संपृक्त द्रावण' हा शब्द तिला माहीत नव्हता, पण ते ओळखायचं कसं हे तिला वर्गात सर्वांत चांगलं माहीत होतं. त्यानंतर जत्रेच्या दिवसांत तिची गैरहजेरी लावताना मी बोलणं बंद केलं. ती परत आली की बुडालेले धडे तिच्याबरोबर बसून भरून काढायचे, एवढंच ठरवलं.

करून पहा, विचार करा

1) पाकाचा थेंब दर दोन मिनिटांनी गार पाण्यात टाकायला मोठ्यांना सांगा. प्रत्येक वेळी तो कसा दिसतो ते वहीत लिहा.
2) पाव भाग कांड्या न घोटता वेगळ्या ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्हींत काय फरक पडला?
3) तुमच्या गावच्या जत्रेत कोणता तळलेला पदार्थ मिळतो? तो करणाऱ्यांना विचारा, "हे झालं हे तुम्हाला कसं कळतं?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.