आठ चिठ्ठ्या आणि एक न सुटलेलं कोडं

मृग नक्षत्र लागलं की विदर्भातल्या वाशिम जिल्ह्यात घरोघरी एकच विषय असतो. पारावर, एसटीत, बियाण्यांच्या दुकानात, जिथे जाल तिथे तोच!

"आबा, यंदा पानी येईन का जी?"

"येईन ना बाप्पा! पन कवा येईन, थे सांग!"

प्रश्न साधा नाही बरं का. सोयाबीनचं महागडं बी जमिनीत पडलं आणि नंतर पावसानं दडी मारली, तर बी वाया जातं. मग दुबार पेरणी आली, म्हणजे खर्चही दुप्पट. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, असा सल्ला कृषी खातं देतं. एवढा पाऊस झाला म्हणजे पुढचा येणारच, अशी हमी त्यात आहे का? नाही. नुकसानीची शक्यता कमी होते, इतकंच. तुमच्या गणिताच्या पुस्तकातली संभाव्यता ती हीच.

आता जरा डोकं खाजवा. पावसाबद्दल आपण 'शक्यता' का म्हणतो? कारण आपल्याला सगळं ठाऊक नसतं. प्रत्येक ढग, वाऱ्याची प्रत्येक झुळूक नेमकी कळली असती, तर अंदाज कितीतरी नेमका आला असता. नाणेफेकीचंही तसंच. अंगठ्याचा जोर, नाण्याची गिरकी, हवेचा विरोध हे सगळं तंतोतंत माहीत असेल, तर छापा की काटा हे आधीच सांगता येईल. म्हणजे 'शक्यता' हे आपल्या अज्ञानाचंच दुसरं नाव झालं, नाही का?

पुष्कळ शास्त्रज्ञांना असंच वाटत होतं. आइन्स्टाइनलाही. ते खरं आहे का, हे शेवटी वाद घालून नव्हे, तर चक्क मोजून ठरलं. त्याचीच ही गोष्ट.

आधी मोजा, मग बोला

मोजण्यात किती ताकद असते, याचं एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. ग्रहताऱ्यांचं आणि माणसाच्या नशिबाचं काहीतरी अदृश्य नातं असतं, असं अनेकांना वाटतं. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी यावर भांडण केलं नाही. २००८ साली त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर एक चाचणी घेतली. अभ्यासात हुशार असलेल्या १०० मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या १०० मुलांच्या जन्माच्या नोंदी जमवल्या. त्यावरून केलेल्या कुंडल्यांपैकी ४०-४० कुंडल्या ज्योतिष्यांना दिल्या. कुंडली पाहून मूल कोणत्या गटातलं आहे, एवढंच सांगायचं होतं.

कुंडली न पाहता नुसतं नाणं उडवून उत्तरं लिहिली, तरी ४० पैकी साधारण २० बरोबर यायला हवीत. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. त्यांची सरासरी २० च्याही थोडी खालीच आली! म्हणजे ज्या नात्याचा दावा होता, ते मोजणीत दिसलंच नाही.

आता उलटी गोष्ट ऐका. इथे शास्त्रज्ञांनी असंच मोजलं आणि एक अजब नातं खरोखरच सापडलं!

वाशिमची मीना, कारंज्याचा राजू

प्रकाश हा फोटॉन नावाच्या कणांचा बनलेला असतो. काही खास स्फटिकांतून फोटॉनांच्या जोड्या तयार करता येतात. त्यांना आपण 'जुळे' म्हणू. समजा, अशा जोडीतला एक फोटॉन वाशिमला मीनाकडे पाठवला आणि दुसरा कारंज्याला राजूकडे. दोघांजवळ पोलरॉइडची एकेक काच आहे. काही गॉगलमध्ये असते ना, तीच. ही काच म्हणजे जणू गजांची खिडकी. उभ्या गजांच्या खिडकीतून काठी उभी धरली तर आत जाते, आडवी धरली तर अडते. इथे मात्र एक फरक आहे. एकटा फोटॉन एक तर पूर्ण पार होतो, नाहीतर अडतो. अर्धामुर्धा कधीच जात नाही.

काच तीनच खुणांवर ठेवायची. पहिली खूण उभी, दुसरी तिच्यापासून ६० अंश फिरवून, तिसरी आणखी ६० अंश फिरवून. प्रत्येक फेरीत मीना आणि राजू आपापली खूण मनाला येईल तशी निवडतात. एकमेकांना सांगत नाहीत. फोटॉन आला की वहीत लिहितात, 'पार' किंवा 'अडला'.

शंभर फेऱ्या झाल्यावर मीनाची वही उघडली, तर काय दिसतं? निम्मे पार, निम्मे अडलेले. अगदी छापा-काट्यासारखं. राजूच्या वहीतही तेच. यात काहीच विशेष नाही.

पण दोन्ही वह्या शेजारी ठेवा. ज्या फेऱ्यांत दोघांनी एकच खूण निवडली होती, त्यांत उत्तर प्रत्येक वेळी सारखंच! तिचा पार तर त्याचाही पार. तिचा अडला तर त्याचाही अडला.

आइन्स्टाइनचा संशय

"ह्यात काय मोठंसं?" तुम्ही म्हणाल. "जुळे आहेत ना? निघतानाच दोघांनी ठरवलं असेल!"

शाबास! थोडक्यात सांगायचं, तर आइन्स्टाइनचं म्हणणं असंच होतं. १९३५ साली पोडोल्स्की आणि रोझेन या सहकाऱ्यांबरोबर त्यानं एक लेख लिहिला. कणांचं शास्त्र, म्हणजे पुंजभौतिकी, फक्त शक्यता सांगतं. त्याअर्थी हे शास्त्र अपुरं आहे, असं त्यांचं म्हणणं. आपल्या भाषेत बोलायचं, तर प्रत्येक फोटॉनाच्या खिशात एक चिठ्ठी असली पाहिजे. 'पहिल्या खुणेवर पार हो, दुसरीवर अडून राहा, तिसरीवर पार हो' असं तीवर लिहिलेलं. जुळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्या, म्हणून उत्तरंही सारखी. आपल्याला चिठ्ठी वाचता येत नाही, म्हणून आपण 'शक्यता' म्हणतो. पावसासारखंच!

वाद जवळजवळ तीस वर्षं लोंबकळत राहिला. मग १९६४ साली जॉन बेल या आयरिश शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की चिठ्ठी न वाचताही ती आहे की नाही हे मोजून ठरवता येतं.

वही-पेन घ्या!

हा हिशोब तुम्हीही करू शकता. आईबाबांनाही बसवा शेजारी.

चिठ्ठीवर तीन रकाने आहेत. प्रत्येकात 'पार' किंवा 'अडला' यांपैकी एकच शब्द. अशा वेगवेगळ्या चिठ्ठ्या किती होतील? २ × २ × २ = ८. त्या आठही लिहून काढा.

आता प्रत्येक चिठ्ठीवर दोन वेगळे रकाने निवडून ते सारखे आहेत का ते पाहा. अशा जोड्या तीनच होतात: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा आणि पहिला-तिसरा. आठपैकी दोन चिठ्ठ्यांवर तिन्ही रकाने सारखे, म्हणून तिथे तिन्ही जोड्या जुळतात. उरलेल्या सहांवर बरोबर एकेक जोडी जुळते. एकही जोडी न जुळणारी चिठ्ठी लिहून दाखवा बघू! जमणारच नाही. रकाने तीन आणि शब्द दोनच, म्हणजे निदान दोन रकान्यांत तोच शब्द येणार.

याचा अर्थ काय? फोटॉनांच्या खिशात कोणत्याही चिठ्ठ्या असोत, मीना आणि राजूनं वेगवेगळ्या खुणा निवडल्या असतील, तर तीनांतून निदान एकदा तरी उत्तर जुळलंच पाहिजे. अशा ३०० फेऱ्यांत साधारण १०० वेळा किंवा त्याहून जास्त.

पुंजभौतिकीचं गणित मात्र सांगतं, की चारांतून एकदाच जुळेल. ३०० फेऱ्यांत साधारण ७५!

१०० की ७५? आता मोजायचं, बस्स.

निकाल लागला

१९७२ मध्ये अमेरिकेत जॉन क्लाउझर आणि स्टुअर्ट फ्रीडमन यांनी पहिला प्रयोग केला. १९८२ मध्ये फ्रान्समध्ये आलँ आस्पे यांनी फोटॉन वाटेत असतानाच मोजमापाची खूण बदलून पाहिली. त्यामुळे 'एका यंत्राची बातमी दुसऱ्याला आधीच लागली असेल' या शंकेला जागा कमी झाली. पुढे ऑस्ट्रियाच्या आंटोन झायलिंगर यांनी हे प्रयोग आणखी लांब अंतरांवर नेले. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथे १.३ किलोमीटर अंतरावर चाचणी झाली. तोवर उरलेल्या मुख्य पळवाटा तिथे एकाच वेळी बंद केल्या होत्या. २०१७ मध्ये चीनच्या उपग्रहानं जुळे फोटॉन १,२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांवर पाठवले. मुंबई-दिल्ली सरळ रेषेत मोजा, त्याहून थोडं जास्तच!

या प्रयोगांतले कोन आणि हिशोब आपल्या खेळापेक्षा थोडे वेगळे होते, पण मुद्दा हाच. आणि निकाल? पुंजभौतिकीच्या बाजूनं. घरून लिहून आणलेल्या साध्या चिठ्ठ्यांनी हे आकडे येत नाहीत. क्लाउझर, आस्पे आणि झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल पारितोषिक मिळालं. बेल १९९० मध्येच वारले होते.

या अजब नात्याला इंग्रजीत 'एंटँगलमेंट' म्हणतात. आपण 'गुंतलेपण' म्हणू.

मग मनातलं ओळखता येईल?

इथे सावध व्हा हं! "बघा, सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे, म्हणूनच आमचा ताईत चालतो," असं म्हणणारे भेटतात. त्यांना मीनाची वही दाखवा. तिच्या एकटीच्या वहीत नुसता छापा-काटा आहे. राजूनं कोणती खूण निवडली, याचा मागमूसही नाही. आपला फोटॉन पार करायचा की अडवायचा, हे मीनाच्या हातातच नाही. मग ती राजूला निरोप कसा पाठवणार? नातं दिसतं ते दोन्ही वह्या शेजारी आल्यावरच. आणि वह्या आणायला एसटी लागते, नाहीतर फोन!

ताईतवाल्याला म्हणा, "काका, चाळीस वेळा करून दाखवा. आम्ही मोजतो."

विज्ञानाचं कुंपण

पण आता प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करायला हवी. चारांतून एकदा जुळणार, हे विज्ञान अचूक सांगतं. अमुक एक फोटॉन पार होणार की अडणार, हे सांगत नाही. आणि चिठ्ठी नाही, निरोप नाही, तर मग दोघांची उत्तरं जुळतात कशी? त्यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही. कुणी म्हणतं, मोजेपर्यंत उत्तर नसतंच. कुणी म्हणतं, दोन्ही उत्तरं घडतात, पण वेगवेगळ्या विश्वांत. कुणी म्हणतं, चिठ्ठी आहे, पण ती दूरवरच्या घटनेनंही बदलते. या सगळ्यांचं गणित सारखेच आकडे देतं. म्हणून नुसत्या मोजणीनं यांच्यातलं भांडण अजून मिटलेलं नाही.

"सगळं समजलं नाही, तर उपयोग काय?" असं बाबा विचारतील. वाशिमच्या शेजारी हिंगोली जिल्हा आहे. तिथे औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. २०२३ साली केंद्र सरकारनं तिला मंजुरी दिली. तिच्या प्रत्येक भुजेची लांबी ४ किलोमीटर. अमेरिकेतल्या तिच्या थोरल्या बहिणी २०१९ पासून एक खास 'दाबलेला' प्रकाश वापरतात. स्फटिकात तयार होणाऱ्या अशाच जोडीच्या फोटॉनांमुळे तो मिळतो. त्यानं प्रकाशातला गोंगाट कमी होतो आणि फार दूरच्या ताऱ्यांच्या टकरी 'ऐकू' येतात. नातं का आहे ते ठाऊक नाही, पण किती आहे ते ठाऊक आहे. तेवढ्यावरही काम होतं!

आणि आपले आबा तरी दुसरं काय करतात? पाऊस कधी येणार ते त्यांना ठाऊक नसतं. म्हणून ते ना हातावर हात धरून बसत, ना कुणाच्या भविष्यावर बी उधळत. शेतातल्या पर्जन्यमापकात डोकावतात, बोटानं ओल किती खोल गेली ते बघतात, आणि मग म्हणतात, "चाल बाप्पा, उद्या पेरू."