बिलातले वरचे शंभर डॉलर

फ्लोरिडात ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जाऊन आलेल्या कुटुंबांना ‘कॅरेक्टर डायनिंग’बद्दल विचारलं की उत्तरं दोनच मिळतात. एक, शुद्ध लूट आहे. दुसरं, पोरांसाठी एकदा तरी करायलाच हवं. दोघंही खरंच बोलत असतात. त्यांची मुलं तेवढी वेगवेगळ्या वयाची असतात. प्रकार साधा आहे. ठरावीक रेस्टॉरंटांत मिकी, गूफी, प्लूटो किंवा स्नो व्हाइट, सिंड्रेला अशी पात्रं जेवणाऱ्यांच्या टेबलापाशी येतात, गळाभेट देतात, वहीत सही करतात, फोटोला उभी राहतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. काँटेम्पररी हॉटेलातलं ‘शेफ मिकीज’, मॅजिक किंग्डममधलं विनी द पू आणि टिगरचं ‘क्रिस्टल पॅलेस’, तिथल्याच किल्ल्यातलं ‘सिंड्रेलाज रॉयल टेबल’ ही त्यातली गाजलेली नावं. प्रौढांना माणशी साधारण ५० ते ७० डॉलर पडतात, किल्ल्यात त्याहूनही जास्त. ३ ते ९ वर्षांच्या मुलांना ३० ते ४५च्या घरात. तिनाच्या आतलं मूल फुकट, आणि दहावं वर्ष लागलेलं नव्हे, दहा पूर्ण झालेलं मूल कंपनीच्या लेखी प्रौढ. हे टप्पे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण या जेवणातली मजा उतरणीला लागल्यावर दोनेक वर्षांनी त्याची किंमत चढते.

आत काय चालतं ते नीट पाहिलं तर हा धंदा जेवणापेक्षा वाट पाहायला लावण्याच्या कौशल्यावर उभा आहे हे लक्षात येतं. प्रत्येक पात्राची दालनातली फेरी आखलेली असते. बरोबर एक कर्मचारी चालतो. कोणतं टेबल झालं, कोणतं राहिलं, कुठल्या मुलाचा वाढदिवस आहे, पात्राला विश्रांतीसाठी कधी आत न्यायचं, हे सगळं तो सांभाळतो. मुखवट्याआडच्या माणसाला बोलायची मुभा नसते. त्याचं सगळं बोलणं हातांत, खांद्यांत आणि चालण्यात. प्रत्येक टेबलाच्या वाट्याला मिनिट-दोन मिनिटं येतात. लग्नाच्या पंगतीत यजमान प्रत्येक पानापाशी थांबून आग्रह करत पुढे सरकतो, तशी ही फेरी असते: भेट तोंडदेखली म्हणावी इतकी छोटी, पण आपल्यापर्यंत ती येणार याची खात्री. वेटरचं कामही नेहमीपेक्षा वेगळं. ‘टिगर दोन टेबलं सोडून आहे, आत्ता वाढून घ्यायला उठू नका,’ हे सांगणं त्याच्या कामातच येतं. मुरलेली कुटुंबं पाळ्या लावतात. एकानं बुफेकडे जायचं, दुसऱ्यानं टेबल आणि कॅमेरा राखायचा. एपकॉटमधलं ‘गार्डन ग्रिल’ हे रेस्टॉरंट तर सगळंच्या सगळं संथपणे गोल फिरतं, आणि चिप व डेल त्या फिरत्या जमिनीवरून टेबलाटेबलाला भेट देतात.

आता हिशेब. आईवडील, सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असं कुटुंब धरू. जेवणाचे २०० डॉलर, त्यावर साडेसहा टक्के कर, वर १८ ते २० टक्के टिप, म्हणजे २५०. (सहा किंवा अधिक माणसं असली तर १८ टक्के टिप बिलातच लावून येते; आजी-आजोबांसह गेलेल्या कुटुंबांना हे बिल हातात पडल्यावर कळतं.) पार्कातल्याच साध्या काउंटरवर चौघांचं पोट ७० डॉलरांत भरलं असतं. म्हणजे १८० डॉलर वरचे. कंपनीचे चाहते यावर लगेच रांगांचा मुद्दा काढतात, आणि तो पोकळ नाही. टेबलाशी येणारी पाच पात्रं पार्कात एकेकटी गाठायची तर प्रत्येकी अर्धा तास रांग धरायला हरकत नाही. अडीच तास रांगांचे आणि चाळीस मिनिटं साध्या जेवणाची, एकूण तीन तास दहा मिनिटं. कॅरेक्टर जेवणाला दीड तास लागतो. वाचले एक तास चाळीस मिनिटं. चौघांच्या एका दिवसाच्या तिकिटांचे साधारण ६०० डॉलर आणि पार्क उघडं राहायचे बारा तास धरले तर पार्कातला एक तास ५० डॉलरांना पडतो. वाचलेल्या वेळाची किंमत झाली ८० डॉलरांच्या आसपास. आकडे ढोबळ आहेत. तारखेप्रमाणे आणि रेस्टॉरंटप्रमाणे ते हलतील. पण कसेही हलवले तरी वर काहीतरी उरतंच. इथे ते शंभर डॉलर आहेत. अन्नानं आणि वेळानं ज्यांचा हिशेब लागत नाही असे हे शंभर डॉलर कशाचे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर वयाप्रमाणे बदलतं.

माझं म्हणणं असं की हे पैसे दुरून पाहायला मिळणाऱ्या वेळाचे आहेत. रांगेत उभ्या मुलाला बहुतेक वेळ समोरच्यांच्या पाठीच दिसतात, आणि मग एकदम आपल्या दुप्पट उंचीचा गूफी पुढ्यात उभा ठाकतो. मागे ताटकळलेली माणसं असतात, त्यामुळे रडायला किंवा विचार करायला सवड नसते. टेबलावर याच्या उलट घडतं. गूफी दालनाच्या पलीकडच्या टोकाला दिसतो. तो एका बाळाची टोपी पळवतो, कुणाच्या ताटाकडे बघून पोटावरून हात फिरवतो, एका आजोबांपुढे वाकतो. मूल चमचा हातात धरून हे दहा-पंधरा मिनिटं निरखत असतं. आपल्यापाशी आला की काय करायचं, वही आधी पुढे करायची की हात, हे त्याचं मनात ठरत असतं. भेट दोन मिनिटांची, पण तिच्याआधीची तयारी पाव तासाची. ती तयारी ज्या वयात लागते त्या वयात हे जेवण पैसे फेडतं.

ते वय कोणतं, याला बालमानसशास्त्रात एक छान पुरावा आहे. १९६९ साली रीटा डेव्ह्रीस या अमेरिकन संशोधिकेनं तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मेनार्ड नावाचं एक सालस मांजर दाखवलं, आणि मग त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवला. मांजराचा मागचा भाग मुलांना सारा वेळ दिसत होता. तरीही तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांच्या मते मेनार्ड आता कुत्रा झाला होता. सहा वर्षांच्या बहुतेक मुलांनी मात्र मांजर ते मांजरच, असं ठामपणे सांगितलं. यावरून दोन गोष्टी निघतात. तीनच्या आसपासचं मूल मिकीला पाहून किंचाळतं तेव्हा ते हट्टी किंवा भित्रं नसतं. माणसाएवढा उंदीर खरोखर समोर आला तर कुणीही शहाणा किंचाळेल. आणि चार ते सात या वर्षांत मुलाच्या मनात हे जग हळूहळू पालटत असतं. हा खरा आहे की आत कुणी आहे, हा प्रश्न त्याला पडू लागतो, पण उत्तर नक्की नको असतं. हे वय निरखणाऱ्यांचं वय आहे. सात वर्षांची मुलगी पायातले बूट, मानेपाशी पोशाखाची शिवण, सहीची अक्षरं सगळं तपासते आणि तरीही गळ्यात पडते. तिच्यासाठी शंभर डॉलर मला महाग वाटत नाहीत.

दोन वर्षांच्या मुलाचं गणित विचित्र आहे. ते स्वतः फुकट जेवतं, म्हणून पालकांना हा सौदा वाटतो. पण मोठ्यांचे १२० डॉलर ज्याच्या नावानं खर्च होतात त्याला बऱ्याचदा टेबलाखाली जायचं असतं. तरी एवढ्या लहान मुलाला पात्र दाखवायचंच असेल तर रांगेपेक्षा टेबल बरं. पात्र करणारी माणसं यात तरबेज असतात. मूल दचकलं की ती दोन पावलं मागे सरकतात, खाली बसतात, डोळ्यांवर पंजे घेतात, नुसता हात हलवून निघून जातात. शिवाय ‘शेफ मिकीज’सारखी हॉटेलातली ठिकाणं पार्कच्या तिकिटाशिवाय गाठता येतात. म्हणजे लहानग्यासाठी पार्कचा एक अख्खा दिवस वाया घालवण्यापेक्षा विश्रांतीच्या दिवशी सकाळचा नाश्ता तिथे करणं शहाणपणाचं. नुसता वेळ मोजणारा हिशेब तिथे गळून पडतो, कारण वाचवायला तिकिटाचा तासच नसतो.

आठ ते बारा हा टप्पा सर्वांत नाजूक. आत माणूस आहे हे आता पक्कं कळलेलं असतं आणि त्यातली गंमत नव्यानं चाखायचं वय अजून आलेलं नसतं. या वयाच्या मुलाला गूफीपेक्षा वर्गातल्या कुणी आपल्याला गूफीबरोबर पाहिलं तर, याची धास्ती जास्त. त्याला तो दीड तास रोलर कोस्टरवर हवा असतो, आणि दहा पूर्ण झाली असली तर त्याच्या ताटाचे ६० डॉलर लागतात ते वेगळेच. चार कॅरेक्टर जेवणं आरक्षित करणारी कुटुंबं मला न उमगणारी आहेत; निरखण्याचं कुतूहल पहिल्या जेवणात बरंचसं भागतं. पुढे पंधरा-सोळाव्या वर्षी गंमत परतते, पण तिचं रूप थट्टेचं असतं, आणि थट्टेला पात्रंही तितकीच पुरून उरतात. ‘आर्टिस्ट पॉइंट’मध्ये संध्याकाळी स्नो व्हाइटची दुष्ट राणी भेटते. ती टेबलाशी येत नाही, लोकांनीच तिच्या दरबारात जायचं. ती ज्या तिरस्कारानं पाहते तो किशोरवयीनांना गोडव्यापेक्षा अधिक पटतो.

राहिले मोठे. मराठी घरांतून हा प्रवास हल्ली बहुधा तीन पिढ्यांचा असतो: अमेरिकेत नोकरी करणारं जोडपं, तिथे जन्मलेली मुलं, आणि पुण्याहून किंवा नाशकाहून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. फ्लोरिडाच्या उन्हात रांगा धरून दमलेल्या आजींना थंडगार दालनातला दीड तास हीच मोठी सोय. मिकी त्यावरची दक्षिणा. शाकाहारी असाल तर बुफे असलेली जागा घ्यावी आणि वेटरला आधीच सांगावं. तसं सांगितल्यावर स्वयंपाकघरातून वेगळं करून देण्याची तिथे पद्धत आहे. मधल्या पिढीचं मात्र वेगळंच काही चालू असतं. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी हिंदीतून ‘डक टेल्स’ आणि ‘टेल स्पिन’ पाहिलेले हे लोक. डोनल्ड टेबलाशी आल्यावर मुलापेक्षा बाप आधी उठतो, हे दृश्य दुर्मिळ नाही. भारतातून थेट आलेल्या मुलांच्या बाबतीत भाषेचाही प्रश्न आहे. राजकन्या बोलतात, आणि त्या भरभर अमेरिकन इंग्रजीत विचारतात की तुझा आवडता ड्रॅगन कोणता. मराठी शाळेतलं सहा वर्षांचं मूल गोरंमोरं होतं. मुक्या मिकीशी त्याचं चटकन जमतं. पात्र कोणतं भेटणार हेही आधी पाहून ठेवावं. एपकॉटच्या नॉर्वे विभागातल्या ‘आकर्शस’मध्ये राजकन्या येतात म्हणून एल्साच्या आशेनं जाणारी मुलं हिरमुसतात, एल्सा त्याच विभागात भेटते, पण निराळ्या जागी, रांगेत.

या सगळ्यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, चार वर्षांच्या मुलाला हे आठवणारच नाही. खरं आहे, मोठेपणी बहुतेकांची सर्वांत जुनी आठवण साडेतीनच्या आसपासची निघते, आणि त्या काळातलं फार थोडं टिकतं. पण हा आक्षेप पुरता लावायचा तर चार वर्षांच्या मुलाला समुद्रावर नेणं, गोष्ट सांगणं, त्याचा वाढदिवस करणं हेही बंद करावं लागेल. आठवण राहावी म्हणून आपण मुलांना आनंद देत नाही. आक्षेपाचा उरलेला भाग मात्र मला मान्य आहे: फोटोसाठी रडत्या मुलाला पात्राच्या मांडीवर कोंबणारे पालक स्वतःच्या आठवणीचे पैसे मोजत असतात, आणि त्यांनी ते कबूल करावं. दुसरा आक्षेप अन्नाचा. बुफेतलं जेवण बेताचं असतं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. रिव्हिएरा हॉटेलातल्या ‘टोपोलिनोज टेरेस’सारख्या एखाद-दुसऱ्या जागी नाश्ता खरोखर चांगला असतो, मिकी तिथे चित्रकाराच्या वेशात येतो, आणि मूल नसलेली जोडपीही तिथे आवर्जून जातात. पण असे अपवाद दाखवून सबंध प्रकार चविष्ट ठरवता येणार नाही.

व्यवहारात अडचण येते ती भावंडांची. घरात पाच वर्षांची धाकटी आणि अकरा वर्षांचा मोठा असला तर सगळ्यांनी एकत्रच जेवायला हवं, हे आपण गृहीत धरतो, आणि तिथेच पैसे वाया जातात. आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं. ते दोघांचंच करता येतं. आईनं किंवा बाबांनी धाकटीला घेऊन मिकीकडे नाश्त्याला जावं, तोवर दुसऱ्यानं मोठ्याबरोबर सकाळच्या कमी गर्दीत दोन-तीन राइड्स उरकाव्यात. दोघांच्या नाश्त्याचं बिल कर आणि टिपसह सव्वाशेच्या आत बसतं. ऐन वेळी बेत बदलला तर मुदतीत रद्द करावं, नाहीतर माणशी १० डॉलर कापले जातात. चौघांचं आरक्षण करून दोघंच गेलात तर उरलेल्या दोन खुर्च्यांचा विषय आधीच फोनवर मिटवलेला बरा.